थांबलेल्या गाडीचे चालते इंजिन

संतवाङ्मय, शिवकाल, आरोग्य आणि अर्थकारण अशा विषयांना सरावलेल्या या व्यासपीठावर जुन्या मोटारगाडीच्या इंजिनाची एक बारीकशी खोड हा विषय पाहून काही श्रोत्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. इतिहास म्हटला की राजे, लढाया, तह आणि फार तर चळवळी एवढेच डोळ्यांपुढे यावे, अशी आपल्या सर्वांच्या मनाची घडण शाळेतच होऊन जाते. आम्ही महाविद्यालयाची पायरी चढलो नाही. जे वाचले ते संघटनेच्या कचेरीतील कपाटातून, आणि जे शिकलो ते गेली तीस वर्षे गॅरेज आणि टॅक्सी या धंद्यांतील कामगारांत वावरून. त्यामुळे आमचा इतिहास हत्यारांच्या बाजूने सुरू होतो, एवढे समजून घ्यावे.

विषय एवढाच आहे. गाडी सिग्नलपाशी थांबते. चालक ॲक्सिलेटरवरचा पाय काढतो. अशा वेळी इंजिनाने आपले आपण, हलकेच, एका लयीत चालत राहावे अशी अपेक्षा असते. परंतु गाडी जुनी असली म्हणजे ते कधी गचके खाते, कधी कारण नसता मोठ्याने ओरडू लागते, आणि पुष्कळदा दिवा हिरवा होण्याच्या ऐन क्षणी बंद पडते. मागून भोंग्यांचा गजर सुरू होतो आणि चालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. इंग्रजी पुस्तकांत या अवस्थेला ‘आयडलिंग’, म्हणजे रिकामे बसणे, असे नाव आहे. आमच्या गॅरेजांत तिला नुसते ‘स्लो’ म्हणतात. ‘गाडी स्लोला राहत नाही’ असे म्हटले की मिस्त्रीला सगळे कळते.

ज्याने ‘रिकामे बसणे’ हा शब्द योजिला, त्याने इंजिनावर थोडा अन्यायच केला असे आम्हांस वाटते. स्लोला असलेले इंजिन रिकामे नसते. स्वतःच्या अंगचे घर्षण सोसत, पंखा, पाण्याचा पंप आणि डायनॅमो फिरवीत, हुकूम होताच ओझे उचलण्याच्या तयारीत ते उभे असते. सकाळी नाक्यावर कामाची वाट पाहत उभा राहिलेला मजूरही जाणाऱ्यायेणाऱ्याला रिकामा दिसतो. पण त्याचे पोट चालूच असते. काम नसतानाचा खर्च कोणी सोसावयाचा, हा प्रश्न यंत्राच्या बाबतीत आणि माणसाच्या बाबतीत सारखाच जुना आहे.

आज आम्हांला सांगावयाचे आहे ते असे. ही खोड दूर करण्याची विद्या हा यंत्रयुगाच्या इतिहासाचा एक खराखुरा अध्याय आहे. त्याचा अर्धा भाग पेटंटांच्या कागदांत लिहिला गेला. उरलेला अर्धा कामगारांच्या कानांत आणि बोटांत राहिला. आता तो अध्याय संपत आला आहे, आणि दुसरा अर्धा भाग कागदावर येण्याआधीच नाहीसा होण्याच्या वाटेला लागला आहे.

प्रथम एक साधा प्रश्न विचारू. थांबलेल्या गाडीचे इंजिन चालू ठेवावेच कशाला? आगगाडीचे वाफेचे इंजिन स्टेशनात उभे राहते तेव्हा त्याचे दट्ट्ये हलत नाहीत; वाफ सोडली की ते जागचे उठून ओढू लागते. विजेच्या मोटरीचेही तसेच. पेट्रोलच्या इंजिनाला मात्र उभ्या जागेवरून जोर लावता येत नाही. त्याला आधी कोणीतरी फिरवावे लागते. हवा आणि पेट्रोल ओढून, ते दाबून, ठिणगी टाकून एकदा चक्र सुरू झाले म्हणजेच त्याच्या अंगी बळ येते. फिरणे थांबले की बळही संपले. म्हणून गाडी थांबली तरी इंजिन थांबता कामा नये. स्लोचा सगळा इतिहास या एका उणिवेतून निघालेला आहे.

कार्ल बेंझ याने जर्मनीत मानहाइम येथे आपल्या तीनचाकी गाडीचे पेटंट २९ जानेवारी १८८६ रोजी मागितले. त्या गाडीत पेट्रोलजातीच्या हलक्या तेलाच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन तिच्यात वाफ मिसळण्याची सोय होती. तेलातील हलका भाग आधी उडून जाई आणि जड भाग मागे राही. त्यामुळे मिश्रण कधी दाट तर कधी पातळ होई. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेंझची पत्नी बेर्टा हिने नवऱ्याला न सांगता दोन मुलांना बरोबर घेऊन याच घराण्यातील गाडीतून मानहाइम ते फोर्ट्झहाइम असा शंभरावर किलोमीटरांचा प्रवास केला. वाटेत वीसलॉख गावच्या औषधाच्या दुकानातून तिने तेल विकत घेतले. इंधनाची नळी तुंबली तेव्हा टोपीची लांब टाचणी काढून ती मोकळी केली. ठिणगीच्या तारेवर आवरण कमी पडले तेव्हा मोज्याचा पट्टा वापरला, आणि ब्रेकच्या लाकडावर एका चांभाराकडून चामडे ठोकून घेतले. मोटारीच्या इतिहासात या प्रवासाचे वर्णन जाहिरातीची युक्ती म्हणून केले जाते. आम्ही त्याकडे निराळ्या दृष्टीने पाहतो. इंधन आणि ठिणगी या दोन जागी गाडीचे दुखणे असते, हे रस्त्यावर ओळखून हाताशी असेल त्या वस्तूने ते दूर करणारी ती पहिली ‘मिस्त्री’ होय.

पुढे १८९३ च्या सुमारास विल्हेल्म मायबाख याने फवाऱ्याचा कार्बोरेटर तयार केला. हंगेरीत बुडापेस्ट येथे दोनात बांकी आणि यानोश चोन्का यांनीही त्याच वर्षी तशाच कल्पनेचे पेटंट घेतले. एका लहान टाकीत तरंगता गोळा, म्हणजे फ्लोट, पेट्रोलची पातळी एकसारखी ठेवतो. बारीक भोकाचे नळकांडे, म्हणजे जेट, हवेच्या अरुंद वाटेत उघडते. हवा तेथून वेगाने गेली की पेट्रोल ओढले जाऊन त्याचे तुषार उडतात. ढेकूण मारण्याच्या औषधाचा पिचकारीपंप ज्यांनी वापरला आहे, त्यांना हे अधिक समजावून सांगावयास नको.

परंतु याच युक्तीत स्लोच्या दुखण्याचे बीज होते. फवारा उडतो तो हवेच्या वेगामुळे. चालकाने पाय काढला की थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद होते. अरुंद वाटेतली हवा मंदावते आणि मुख्य जेटमधून पेट्रोल वर चढेनासे होते. आरंभीच्या इंजिनांना याची अडचण फारशी जाणवत नसे, कारण ती बहुधा एकाच ठराविक गतीने चालत. गती कमीजास्त होऊ लागली तेव्हा फ्रान्स, इंग्लंड, इटली या देशांतील कारागिरांनी या एका कोड्यावर डोके लावले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लियाँ येथील बावेरे याने दोन जेटांची जोड देऊन मिश्रणाचा तोल सांभाळला. त्यातून झेनिथ कार्बोरेटर निघाला. सोलेक्स ही फ्रान्समधील पेढी आणि १९२३ साली बोलोन्या येथे एदोआर्दो वेबर याने सुरू केलेला कारखाना, ही नावे आपल्याकडच्या मिस्त्र्यांच्या तोंडी कित्येक दशके होती.

या सर्वांनी स्लोसाठी जो मार्ग काढला तो असा. झडप जवळजवळ बंद असली म्हणजे तिच्या अलीकडे हवा मंद असते, पण पलीकडे, इंजिनाच्या बाजूला, ओढ अतिशय जोराची असते. तेव्हा पेट्रोलची एक निराळी बारीक वाट काढून ती झडपेच्या पलीकडे उघडावयाची. या वाटेवर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास भोक असलेला ‘स्लो जेट’ बसवावयाचा. शेवटी दोन स्क्रू ठेवावयाचे: एक झडप किती उघडी राहावी हे ठरविणारा, आणि दुसरा मिश्रण किती दाट असावे हे ठरविणारा. वजनाने एक भाग पेट्रोलाला सुमारे पंधरा भाग हवा, हा पूर्ण ज्वलनाचा हिशेब आहे. तो या दुसऱ्या स्क्रूच्या पाव-अर्ध्या फेऱ्यात सापडतो किंवा हरवतो.

यंत्राबरोबर भोवतालचे जगही बदलत होते. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीवर चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर आला. तोवर इंजिन बंद पडले की खाली उतरून पुढचा हँडल फिरवावा लागे, आणि त्या हँडलाचा उलटा तडाखा बसून मनगटे मोडत. अशा काळात स्लो चांगला असणे ही चैन नव्हती. स्टार्टर आला आणि ती भीती गेली. पण १९१४ साली अमेरिकेत क्लीव्हलँड शहरी विजेचा वाहतूक-दिवा लागला आणि मोटारीच्या आयुष्यात थांबण्याची वेळ वाढतच गेली. मोकळ्या रस्त्यावरच्या गाडीला स्लोची फारशी पंचाईत नसते. हे दुखणे शहराचे आहे.

मुंबईत हे दुखणे किती खोल गेले होते ते टॅक्सीचालकाला विचारावे. वालचंद हिराचंद या सोलापूरच्या उद्योगपतींनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाटच्या नमुन्याची अकराशेची गाडी निघाली, आणि सत्तरीच्या दशकात तिचे नाव प्रीमियर पद्मिनी झाले. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीचे रूप म्हणजे हीच गाडी. पुष्कळ चालक गाडी रोजच्या भाड्याने घेत आणि पेट्रोल स्वतःच्या खिशातून भरत. असे इंजिन स्लोला तासाभरात अर्धा ते एक लिटर पेट्रोल पिते. मिश्रण दाट राहिले तर त्याहून अधिक. मालकाच्या दृष्टीने जी इंजिनाची बारीक खोड, ती चालकाच्या दृष्टीने संध्याकाळच्या कमाईतली तूट होती. म्हणूनच स्लो बसविणारा चांगला मिस्त्री कोठे आहे याची बातमी टॅक्सीच्या तळावर वाऱ्यासारखी पसरे.

आता त्या मिस्त्रीची विद्या पाहू. हजार-अकराशे घनसेंटिमीटरांचे चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला आठशे फेऱ्यांनी स्लोला चालते, तेव्हा दर मिनिटाला एकूण सोळाशे स्फोट होतात. म्हणजे सेकंदाला सुमारे सत्तावीस. त्यांतला एखादा चुकला की मिस्त्रीचा कान टवकारतो. गाडी ‘मिसिंग मारते’ की ‘हवा ओढते’, हे तो बॉनेट उघडण्यापूर्वी सांगतो. यात जादू काही नाही. एक सिलिंडर मेला असेल तर गचका ठराविक अंतराने येतो. हवा शिरत असेल तर गती वरखाली झुलते. मिश्रण दाट असेल तर धुराचा वास येतो आणि इंजिन जड झाल्यासारखे घुमते. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाशी धरावयाची, किंवा रबरी नळीचे एक टोक कानात धरून दुसरे सांध्यांवरून फिरवावयाचे. डॉक्टरच्या नळीत आणि या नळीत तत्त्वाचा भेद नाही. भेद आहे तो फीचा.

चांगल्या मिस्त्रीचा दुसरा गुण म्हणजे क्रम. तो एकदम कार्बोरेटरला हात घालीत नाही. आधी प्लग काढून त्यांचा रंग पाहतो: काजळी धरली तर मिश्रण दाट, पांढुरका पडला तर पातळ, तांबूस-करडा असेल तर ठीक. मग डिस्ट्रिब्यूटरचे पॉइंट घासून फिलर गेजने फट मोजतो. मग टायमिंग आणि टॅपेट. त्यानंतर हवा कोठून चोरून शिरते ते शोधतो: कार्बोरेटरखालचे गॅस्केट, ब्रेककडे जाणारी नळी, झडपेची झिजलेली दांडी. चालू इंजिनाच्या कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात अर्धवट धरला आणि इंजिन सुधारले, तर मिश्रण पातळ आहे हे निश्चित. एवढे झाल्यावर तो स्लो जेट काढतो, आणि तो तारेने कधीही टोचीत नाही. बेर्टाबाईंची टाचणी नळीला चालली. जेटला ती चालत नाही, कारण भोक केसभर मोठे झाले तरी हिशेब कायमचा बिघडतो. जेट हवेनेच फुंकावयाचा. सर्वांत शेवटी स्क्रू. मिश्रणाचा स्क्रू इंजिन अडखळेपर्यंत आत घ्यावयाचा, मग लय सापडेपर्यंत हळूहळू बाहेर. गती वाढली की झडपेचा स्क्रू सैल करावयाचा. आणि पुन्हा पहिला. एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची आणि तिचा परिणाम ऐकावयाचा. प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञाची पद्धत याहून निराळी असते काय?

मॉरिस घराण्याच्या गाड्यांवर एस. यू. नावाचा निराळा इंग्लिश कार्बोरेटर असे. त्यात स्लो जेट नाहीच. हवेच्या ओढीने वरखाली होणारा एक दट्ट्या आणि त्याला जोडलेली निमुळती सुई सर्व गतींचा हिशेब सांभाळते. त्याची परीक्षा फार सुंदर आहे. दट्ट्या किंचित उचलावा: इंजिन जोरात धावू लागून तसेच राहिले तर मिश्रण दाट, बंद पडू लागले तर पातळ, आणि क्षणभर थोडे वाढून पूर्वपदावर आले तर बरोबर. ही परीक्षा माहितीपुस्तकात छापलेली होती खरी. पण पुस्तक इंग्रजीत होते, आणि ती परीक्षा मराठीत, हिंदीत, पंजाबीत एका तोंडातून दुसऱ्या कानात गेली. कुर्ल्याच्या रस्त्यांवर आणि पुण्याच्या नाना पेठेत हजारो हातांनी ती आत्मसात केली. त्या हातांपैकी किती जणांची नावे इतिहासात आहेत? एकाचेही नाही.

मिस्त्रीच्या आडून एक खोटी विद्याही चालते, तीही सांगितली पाहिजे. मूळ दोष न शोधता झडपेचा स्क्रू आवळून ‘रेस वाढवून’ द्यावयाची. गाडी बंद पडत नाही, गिऱ्हाईक खुश होते, आणि पेट्रोल मात्र जळत राहते. मूळ पगारास हात न लावता सणाला बक्षिसी देऊन तक्रार मिटविण्याचाच हा प्रकार होय. दोन्हींत दुखणे झाकते. बरे होत नाही.

या विद्येची किंमत शरीराने दिली गेली, हा भाग इतिहासात अजिबात येत नाही. पेट्रोलात शिशाचे संयुग मिसळले की इंजिन ठोकत नाही, असा शोध १९२१ साली अमेरिकेत लागला. १९२४ च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीतील बेवे येथे ते संयुग बनविणाऱ्या कारखान्यातील पाच कामगार विषबाधेने, भ्रमिष्ट होऊन मेले. तरीही ते पेट्रोल जगभर गेले. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री १ फेब्रुवारी २००० रोजी सर्वत्र बंद झाली. जगात शेवटी अल्जीरियाने २०२१ साली ती थांबविली. शिशाचे हे संयुग कातडीवाटेही शरीरात जाते. आमच्या गॅरेजांत तर नळी तोंडात धरून पेट्रोल ओढले जाई, आणि जेट तोंडानेच फुंकला जाई. कॉम्प्रेसर असेल तेथे त्याची हवा. नसेल तेथे पोऱ्याची फुप्फुसे! बंद गाळ्यात इंजिन स्लोला ठेवून तासन्‌तास काम चाले. दाट मिश्रणाच्या अर्धवट ज्वलनातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही आणि त्याला वास नाही. रक्तातील प्राणवायूची जागा तो बळकावतो. संध्याकाळी डोके दुखते, उमासे येतात, आणि पोऱ्या कामचुकार ठरतो.

कायदा कोठे होता? १९४८ च्या मूळ कारखाना कायद्याची मर्यादा, विजेची शक्ती वापरणाऱ्या जागी दहा कामगार अशी होती. चार-पाच माणसांचे गॅरेज तिच्या खाली राही. १९५० पासून औद्योगिक प्रशिक्षणाची योजना आली आणि १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. ही दोन्ही पावले मोलाची होती, पण रस्त्याकडेच्या गाळ्यात उस्तादाच्या हाताखाली पाने धूत शिकणारा मुलगा त्या दोहोंच्याही कक्षेबाहेरच राहिला. त्याला ना दाखला मिळाला, ना विद्यावेतन. उस्तादाने मात्र त्याला कान दिला, हे ऋण मान्य केले पाहिजे.

यानंतर काळ बदलला, आणि तो धुरामुळे बदलला. शहरांची हवा बिघडू लागली तेव्हा स्लोला उभ्या असलेल्या गाडीच्या धुराकडे सरकारांचे लक्ष गेले. अमेरिकेत साठीचे दशक सरता सरता मिश्रणाच्या स्क्रूवर प्लॅस्टिकच्या टोप्या आल्या, म्हणजे तो ठराविक मर्यादेबाहेर फिरू नये. पुढे तर तो धातूच्या बुचाने बंदच करण्यात आला. आपल्याकडे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी पेट्रोलच्या चारचाकी गाडीच्या स्लोच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड शेकडा तीनपेक्षा अधिक नसावा, असे ठरविले. ज्या गोष्टीचा निवाडा आजवर कान करीत होता, तिचा निवाडा आता आकडा करू लागला. हे योग्यच झाले, असे आमचे मत आहे. त्या धुरात सर्वांत अधिक वेळ उभा राहणारा माणूस मिस्त्रीच होता. स्वच्छ हवेशी कामगाराचे वैर असू शकत नाही.

पण आकड्यापाठोपाठ आणखी एक गोष्ट आली. बॉश कंपनीने १९६७ साली विजेच्या हुकमतीखाली पेट्रोल फवारण्याची पद्धत बाजारात आणली, आणि १९७६ साली व्होल्वो गाडीत धुरातील प्राणवायू मोजणारे उपकरण बसले. आता इंजिन स्वतःचा धूर हुंगून स्वतःचे मिश्रण सुधारू लागले. भारतात २००० सालच्या आगेमागे नव्या मोटारगाड्यांतून कार्बोरेटर गेला. स्लोचा स्क्रू गेला. त्याची जागा एका लहान मोटरीने आणि बंद पेटीतील आज्ञावलीने घेतली. गाड्या चांगल्या झाल्या, पेट्रोल कमी लागू लागले, हवा कमी बिघडू लागली. यांपैकी एकही गोष्ट आम्ही नाकारीत नाही. फक्त एवढे विचारतो, की स्क्रूच्या जागी आलेल्या त्या पेटीची किल्ली कोणाच्या हाती राहिली?

हा प्रश्न आमच्या एकट्याचा नाही. २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड केला. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि दोष शोधण्याची उपकरणे त्यांनी स्वतंत्र गॅरेजांना मिळू दिली नाहीत, हा त्यातला मुख्य आक्षेप होता. प्रकरण पुढे अपिलांत गेले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ साली दुरुस्तीच्या हक्काचा कायदाच केला. पूर्वी विद्या अवघड होती, पण दार उघडे होते. ज्याला कान होता तो आत येई. आता विद्या पेटीत आहे, आणि पेटी उघडण्यास परवाना लागतो.

इकडे जुन्या गाड्यांचाही काळ संपत गेला. पद्मिनीचे उत्पादन २००१ साली थांबले. ॲम्बॅसडर बनविणारा बंगालमधील उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ च्या मे महिन्यात बंद झाला आणि दोन हजारांवर कामगार दाराबाहेर राहिले. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली. वर्तमानपत्रांत तिचे हळवे मृत्युलेख आले. गाडीवर लिहिले गेले. ती चालती ठेवणाऱ्यावर कोणी लिहिले नाही. आता तर सिग्नलला आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होणाऱ्या गाड्या आल्या आहेत, आणि विजेच्या गाडीला स्लो नावाची अवस्थाच नाही. उभ्या जागेवरून जोर लावता न येणे या उणिवेतून जन्मलेली ही कला, ती उणीव संपताच संपणार, हे उघड आहे. यंत्राच्या प्रगतीबद्दल अश्रू ढाळण्यासाठी आम्ही येथे उभे नाही.

मग उरते काय? तीन गोष्टी उरतात, असे आम्हांस वाटते.

पहिली, नोंद. ज्यांनी आयुष्यभर स्लो बसविला ते मिस्त्री आज साठी-सत्तरीत आहेत. त्यांना बोलते करून त्यांचे शब्द, त्यांचा क्रम, त्यांच्या खुणा लिहून ठेवणे हे आपल्या वाचनालयांचे आणि शाळांचे काम आहे. पोवाडे आणि ओव्या गोळा करण्यास आपण ज्या आदराने जातो, त्याच आदराने गॅरेजात जावे. हौशीने जुन्या गाड्या जपणाऱ्यांना तर या नोंदीची आजच गरज आहे. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येऊ लागले. त्याने जुन्या रबराच्या नळ्या आणि पडदे खराब होऊ शकतात, आणि इथेनॉलच्या अंगच्या प्राणवायूमुळे मिश्रणही पातळ पडते. नव्या पेट्रोलवर जुना स्लो कसा बसवावा हे जुने छापील पुस्तक सांगत नाही. ते जाणता मिस्त्रीच सांगू शकतो.

दुसरी, पद्धत. यंत्र बदलले तरी दोष शोधण्याची शिस्त बदलत नाही. सोप्यापासून सुरुवात करणे, एका वेळी एकच बदल करणे, लक्षण झाकण्याऐवजी कारण शोधणे, हे संगणकाच्या पडद्यापुढे बसलेल्या मुलालाही शिकविले पाहिजे. पडदा दोषाचा क्रमांक सांगतो. दोष कोणता ते अजूनही माणसालाच ठरवावे लागते. तुटलेल्या नळीतून हवा शिरू लागली, तर पेटी मिश्रण पातळ असल्याचे सांगेल. नळीवर बोट ठेवणारा कोणी तरी लागेलच.

तिसरी आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे हक्क. नव्या विद्येचे दार लहान गॅरेजांना खुले राहिले पाहिजे, आणि तेथे शिकणाऱ्या मुलाला दाखला, वेतन आणि स्वच्छ हवा मिळाली पाहिजे. जुन्या मिस्त्रीला आपण पुष्कळ वाहवा दिली आणि संरक्षण काहीच दिले नाही. त्याच्या नातवाच्या बाबतीत तरी हा क्रम उलटा व्हावा. वाहवा थोडी कमी पडली तरी चालेल.

श्रोतेहो, येथून घरी जाताना चौकात गाड्या थांबतील, आणि त्यांतली एखादी जुनी गाडी एका लयीत हलकेच घुमत उभी असेल. ती लय कोणीतरी कानाने जुळवून दिलेली आहे. त्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही. पण ते विचारून घेता येण्याजोगा काळ अजून गेलेला नाही.